हिकींकडचा चहा

आमच्या लिमरिककडे सशामागे ग्रेहाउंड सोडतात तेव्हा कुत्र्यांच्या तोंडाला मुसक्या असतात. कायदाच आहे तसा. तरी कुत्रा सशाला जमिनीवर दाबतोच, आणि दाबलेला ससा कधी उठतो, कधी नाही. न उठणारे मोजायला सरकार मला पाठवतं. माझ्याआधी हेच काम माझे बाबा करायचे.

या शर्यती भरवणाऱ्या क्लबचे प्रमुख मर्ट हिकी. बाबांच्या शवपेटीला खांदा देणाऱ्यांत ते होते, म्हणून मी त्यांना काका म्हणते. रानातले ससे जाळ्यात धरून आणायचे, वाड्यात ठेवून खाऊपिऊ घालायचं आणि शर्यती संपल्या की त्याच रानात परत सोडायचे, हे सगळं त्यांच्या देखरेखीखाली. दरवर्षी दुपारच्या शर्यती सुरू झाल्या की काका म्हणायचे, "नाक बघ कसं लाल झालंय. जा, काकूकडे चहा घे. तोवर मी बघतो."

मैदानाला लागूनच त्यांचं घर. घरी बोलावून दिलेला चहा आमच्याकडे कुणी नाकारत नाही. मीही जायचे. हॅमची सँडविचं, मनुकांचा केक आणि जोझीकाकूंच्या गावभरच्या गप्पा. परत आले की काका सांगायचे, एकाही सशाला खरचटलंसुद्धा नाही. आमच्या क्लबचं खात्यात नाव होतं, आणि मला त्याचा मूर्खासारखा अभिमान होता.

या डिसेंबरात पहिला घोट घेतला आणि आठवलं, दुर्बीण कुंपणालाच लटकवून आलेय. मी उठले, तर काकूंनी माझं मनगट धरलं.

"बस गं पोरी. आत्ता नको जाऊस."

"दुर्बीण आणते फक्त."

"मर्ट आणेल की. बस म्हणते ना."

आवाज मायेचा होता, पकड नव्हती. हात सोडवून मी मागच्या दाराने बाहेर पडले.

सशांच्या वाड्यामागे काका गाडीची डिकी उघडून उभे होते. हातात गोणपाटाची पिशवी, आणि पिशवी हलत होती. मी ती हिसकावून घेतली. आत ससा, मागचा पाय मोडलेला. डिकीत आणखी दोन होते, ते हलत नव्हते.

जनावरांच्या डॉक्टरला का दाखवला नाही, असं मी विचारलं. दाखवला की तू नोंद करणार आणि आमचा परवाना जाणार, असं त्यांनी सरळ सांगितलं. लाजसुद्धा नाही. माझा तोल गेला.

"आज बाबा असते तर तुमचं तोंडसुद्धा बघितलं नसतं त्यांनी."

काकांनी माझ्याकडे बघितलं. त्यांना माझी कीव आली होती, आणि तीच मला सगळ्यात झोंबली.

"तुझ्या बापाला सगळं ठाऊक होतं पोरी. तो दोन-दोन कप प्यायचा."

सशाला मी डॉक्टरकडे नेलं. त्याने सुई देऊन त्याला कायमचं शांत केलं. तिन्ही ससे मी नोंदवले. म्हातारा खोटं बोलतोय, स्वतःवरचं बालंट मेलेल्या माणसावर ढकलतोय, असं घरी पोहोचेपर्यंत स्वतःला समजावत राहिले. पण मला ही नोकरी लागली त्या दिवशी बाबांनी एकच सल्ला दिला होता. म्हणाले होते, हिकींकडे चहाला कधी नाही म्हणू नकोस.