एकशे एकतीस पास थकीत

कॉलेजच्या मुलींच्या बास्केटबॉल टीमला आकडे लिहायला माणूस हवा होता. प्राचार्यांच्या मते त्या कामाला एकच गुण लागत होता: दोन तास न बोलता एका जागी बसता येणं. अख्ख्या कॉलेजात असा माणूस एकच. त्यामुळे ग्रंथपाल मॅडमच्या हातात एक जाडजूड वही आणि लाल-निळी पेन्सिल आली, आणि मैदानाच्या कडेचं डुगडुगतं टेबल त्यांचं झालं.

"मला खेळातलं काही कळत नाही," त्यांनी कोचसरांना सांगून पाहिलं.

"आमच्या टीमलाही नाही," सर म्हणाले. "जमेल तुमचं."

कोचसर मूळचे रसायनशास्त्राचे. मैदानावरही त्यांच्या अंगाला प्रयोगशाळेचा वास यायचा. त्यांनी पाच मिनिटांत सगळा खेळ समजावला. टोपलीत चेंडू गेला की बास्केट. एकीनं दुसरीला छान पास देऊन मदत केली की देणारीच्या नावावर एक असिस्ट. पुढचं काही सांगणार तेवढ्यात शिट्टी वाजली आणि सर पळाले. ते पुढचं राहिलं ते राहिलंच.

मॅडमनी आपल्या पद्धतीनं वही आखली. बावीस वर्षं त्या ग्रंथालयाच्या खिडकीत बसत होत्या. पुस्तक दिलं की नोंद. नेणाऱ्यानं ते वाचलं, उशाला घेतलं की हलत्या टेबलाच्या पायाखाली सारलं, हा नेणाऱ्याचा प्रश्न. पासाचंही त्यांनी तसंच धरलं. एकदा दिला की दिल्या घरी सुखी राहा. रकाने केले: कोणी दिला, कोणाला, किती वाजता, परत आला का, शेरा. पासावरून बास्केट झालंच, तर पदरात काहीतरी परत पडलं म्हणून 'परत'च्या रकान्यात लाल खूण. आणि दर सामन्यानंतर पहिल्या रकान्याची बेरीज करून लीगच्या कार्यालयात पाठवायची, असिस्ट म्हणून.

तेरा सामने झाले. बारा हरले, एक जिंकला. जिंकला त्या दिवशी समोरच्या निम्म्या मुली सर्दीनं आडव्या होत्या, आणि उरलेल्या निम्म्या शिंकत होत्या.

पण टीममध्ये चिमणी होती. पहिल्या वर्षाची पोर, बूट घालून पाच फूट. तिला पाठीलाही डोळे असावेत. चार जणींच्या काखेखालून ती चेंडू असा काढून द्यायची की घेणारीला वाटावं, आपण इथे उभ्या आहोत हे हिला आपल्या आधी कळलं होतं. घेणारी बहुतेक वेळा खांब असायची. खांब सहा फुटांना दोन बोटं कमी, टोपलीच्या अगदी खाली उभी, आणि तिच्या हातातला चेंडू म्हणजे पालथ्या घड्यावरचं पाणी. चेंडू यायचा, खांब दोन्ही हात पुढे करायची, आणि चेंडू तिच्या खांद्याला, कानाला किंवा पंचांना लागून बाहेर जायचा. मॅडम शांतपणे लिहायच्या: चिमणी, खांबाला, चार वाजून बारा मिनिटं.

तेराव्या सामन्यानंतर लीगचा तक्ता छापून आला. असिस्टमध्ये पहिली चिमणी, दोनशे त्रेसष्ट. दुसरी, एकाहत्तर. पहिल्या पाच जणींना विद्यापीठाच्या उन्हाळी शिबिराला बोलावणार होते, आणि विद्यापीठाची टीम त्या शिबिरातूनच निवडतात. चिमणीचे वडील मालधक्क्यावर क्रेन चालवत. त्यांनी क्रेनच्या केबिनवर बाहेरून खडूनं हातभर उंचीचा आकडा लिहिला: २६३.

दुसऱ्या दिवशी ग्रंथालयातला फोन वाजला.

"मी लीगच्या कार्यालयातून बोलतोय, आकड्यांचं काम बघतो," पलीकडचा आवाज म्हातारा आणि अतिशय सभ्य होता. "तुमच्या टीमचे बास्केट एकशे एक्कावन्न. असिस्ट तीनशे बारा. मला एवढंच सांगा मॅडम, उरलेल्या एकशे एकसष्ट असिस्टांनी नेमकी कोणाला मदत केली?"

"घेणाऱ्यांना," मॅडम म्हणाल्या. "त्यांनी करून घेतली नाही, ती गोष्ट वेगळी."

पलीकडे पेन्सिल खाली ठेवल्याचा आवाज झाला. मग ते आकडेवाले काका हळू आवाजात म्हणाले, "चेंडू टोपलीत गेला तरच असिस्ट, मॅडम. नाहीतर तो नुसता पास."

घरी मॅडमचे यजमान बाहेरच्या खोलीत खिडकीशी बसून काम करत होते. दातांच्या डॉक्टरांना ते कवळ्या आणि सुटे दात करून देत. खिडकीच्या फळीवर प्लास्टरचे सात-आठ जबडे वाळत ठेवलेले. घरात आलेल्या पाहुण्याला आपल्याला कोणीतरी हसतंय असं सारखं वाटायचं.

"अहो, मी एखादी गोष्ट कोणाला दिली, तर ती दिली ना?"

यजमानांनी कानस खाली ठेवली. "आता ही कवळी बघ. मी करून दिली. माणसानं ती पेल्यात ठेवली आणि जेवला हिरड्यांनी. माझी कवळी उत्तम. पण चावली का?"

"नाही."

"मग? दिल्याचा रकाना वेगळा, चावल्याचा वेगळा."

"बावीस वर्षांत माझी नोंद चुकली नव्हती हो."

"नोंद नाही चुकली. रकाना चुकला." त्यांनी बायकोच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि चहा टाकायला स्वतः उठले. आजवर ते दोनदाच असे उठले होते.

कोचसरांचं मत पडलं की आता राहू द्या. "त्या काकांना मी सांगतो काहीतरी. पोरीचं भलं होतंय. कोण मोजत बसलंय, मॅडम?"

"मीच," मॅडम म्हणाल्या.

त्यांनी लाल खुणा मोजल्या. चिमणीच्या अडतीस भरल्या. तीनदा मोजूनही अडतीसच. दुरुस्तीचं पत्र त्यांनी स्वतः पोस्टात टाकलं आणि सूचना फलकावरचा तक्ता स्वतः बदलला. चिमणी पहिल्यावरून थेट अकराव्या नंबरावर. पाचव्या नंबरावरच्या मुलीचे चव्वेचाळीस होते आणि तिच्या कॉलेजचे सामने संपले होते. चिमणीचा एकच उरला होता.

दुपारी चिमणी खिडकीशी आली. खिडकीची फळी तिच्या हनुवटीला लागत होती.

"मॅडम, बाबांनी क्रेनवर लिहिलंय. खडूनं."

"खडू पुसता येतो गं," मॅडम म्हणाल्या, आणि आपल्याच तोंडात मारून घ्यावी असं त्यांना वाटलं.

"पंचवीस मीटर उंच आहे ते. रस्त्यावरून दिसतं." चिमणीनं फळीवरचा शाईचा डाग नखानं खरवडला. "मी खोटं बोलले असं नाही ना होत?"

"नाही. मी बोलले. तोंड न उघडता."

चिमणी गेली. मॅडम तिच्या पाठीकडे बघत राहिल्या. दप्तर पाठीला मोठं होत होतं. तिच्या आईनं पट्ट्यांना गाठी मारून ते वर घेतलेलं. चव्वेचाळिसाच्या पुढे जायचं तर एका सामन्यात सात असिस्ट हवे. पोरीची सरासरी तीनची. मॅडमनी कामाची वेळ संपल्यावरही दिवा चालू ठेवला, वही उघडली, आणि पुस्तक हरवल्यावर त्या जे करतात तेच केलं: कोणाकडे गेलं होतं, ते बघितलं.

चिमणीनं खांबाला दिलेले पास, एकशे चाळीस. परत, नऊ.

दुसऱ्या दिवशी खांबाला बोलावणं गेलं. ती दारातून वाकूनच आत आली, आणि नजरही खालीच. तिच्याकडे आधीच तीन पुस्तकं थकली होती.

"मॅडम, दोन घरी आहेत, आणि तिसरं मावशीच्या..."

"पुस्तकांचं नंतर. बस. तुझ्याकडे एकशे एकतीस पास थकलेत."

खांब बसली. बसूनही ती मॅडमपेक्षा उंचच होती.

मॅडमनी वही तिच्याकडे फिरवली. "हे बघ. नऊ परत आलेत. नऊच्या नऊ शेऱ्यात काय लिहिलंय? 'जमिनीवर टप्पा'. टप्प्यानं तुला मिळाले एकूण अकरा. अकरांतले नऊ तू टोपलीत घातलेस. हवेतून मिळाले एकशे एकोणतीस. त्यातला एकही नाही. एकही नाही म्हणजे नशीबसुद्धा नाही गं. हवेतून आला की घोडं पेंड कुठे खातं?"

 खांबाचा हात आपसूक वरच्या ओठाकडे गेला.

"डोळे मिटतात."

"का?"

"पहिल्या आठवड्यात, सरावाला, चिमणीचा पास तोंडावर बसला. पुढचा दात गेला. मी तोंड मिटून घरी गेले. तिला माहीत नाही." खांबानं इकडेतिकडे पाहिलं. "सांगू नका हं. कळलं तर ती मला पासच देणार नाही. आणि ती सोडून मला देतं कोण?"

"आ कर," मॅडम म्हणाल्या.

खांबानं आ केला. मॅडमनी चष्मा वर केला, वाकून पाहिलं. वरचा, समोरचा, कोपरा शेजारच्या खऱ्या दातासारखा किंचित झिजवलेला. एवढं बारीक काम करणारा माणूस एकच होता, आणि हा दात चार दिवस त्यांच्याच खिडकीत वाळत पडला होता.

"हा दात माझ्या ओळखीचा आहे," त्या म्हणाल्या. "दगडावर आपटलास तरी फुटायचा नाही. फुटलाच, तर दुसरा बसवून द्यायचं माझ्याकडे लागलं."

चिमणीला त्यांनी एवढंच सांगितलं: खांबाला टप्प्यानं दे.

"का, मॅडम?"

"आकडे म्हणतात."

चौदाव्या सामन्याला लीगचे आकडेकाका स्वतः आले. बारीक चणीचे, खिशात दोन पेन्सिली, दोन्हींना टोक. त्यांनी मॅडमच्या शेजारी खुर्ची ओढली आणि टेबलाच्या हलत्या पायाखाली कॉलेजनं पाठवलेलं सामन्याचं आमंत्रण घडी करून सारलं. मॅडमना ते आवडलं.

पहिलं असिस्ट तिसऱ्या मिनिटाला. चेंडू टप्पा खाऊन खांबाच्या पोटापाशी आला, तिनं तो घेतला, उभ्या जागी वर टाकला, आणि आत गेला तेव्हा तिनं आधी मागे वळून दुसरी कोणी आहे का ते पाहिलं. दुसरं, तिसरं मध्यंतरापर्यंत. समोरच्या टीमला काय होतंय ते कळेना. त्यांनी खांबाला आजवर कधी अडवलंच नव्हतं, तसं काही कारणच पडलं नव्हतं. कोचसर मैदानाच्या कडेला "टप्पा, टप्पा" असं पुटपुटत येरझारा घालत होते, जणू हे सूत्र त्यांनीच शोधलं. चौथं. मग एक खांबाच्या गुडघ्याला लागून गेला. पाचवं. सहावं.

शेवटची वीस सेकंदं. तेरा गुणांनी हरत होते, पण मॅडमचं त्याकडे लक्ष नव्हतं. चिमणी दोघींच्या मधून वाकली आणि चेंडू टप्प्यानं खांबाकडे गेला. खांबानं तो घेतला. आणि थांबली. मोसमभरात पहिल्यांदाच तिच्याकडे चेंडूही होता आणि वेळही. तिनं तो एकदा आपटला. पुन्हा आपटला. हात चड्डीला पुसला. चिमणीकडे बघून हसली, ओळखीचा दात दिसला, आणि मग सावकाश तिनं चेंडू टोपलीत घातला.

शिट्टी झाली. अकरा गुणांनी हार; त्या मोसमातली ही सगळ्यात अब्रूची हार होती.

मॅडमची लाल पेन्सिल कागदावर टेकली नाही. आठवड्याभरात त्यांनी नियमांचं पुस्तक तीनदा वाचलं होतं. पास घेतला की लगेच टोपलीत टाकायला हवा, तरच असिस्ट. खांबानं तर तिथे संसार थाटला होता. काका मात्र मुद्दाम दुसरीकडे तोंड करून, टोक असलेल्याच पेन्सिलीला टोक काढत बसले होते.

मैदानावर चिमणी खांबाच्या कमरेला लटकली होती.

मॅडमनी निळ्या बाजूनं शेऱ्यात लिहिलं: उशिरा परत. आणि बेरीज केली, सहा.

काका वळले. वही बघितली. "मी सातवा दिला असता हो."

"मीही," मॅडम म्हणाल्या. "वहीनं दिला नसता."

"म्हणजे चव्वेचाळीस. त्या मुलीचेही चव्वेचाळीस."

"बरोबरी झाली तर काय करतात?"

"आजवर झालीच नाही. नियमात काही नाही. शिबिराच्या खोलीत खाटा मात्र पाच."

"चिमणी बूट घालून पाच फूट आहे," मॅडम म्हणाल्या. "बूट काढल्यावर कितीशी जागा लागणार?"

काकांनी दोन्ही पेन्सिली खिशात ठेवल्या, मग एक परत काढली. "दोनशे त्रेसष्ट बघून मला वाटलं होतं, इथे कोणीतरी बदमाश बसलाय. सातवा न लिहिणारी बाई बसलीय हे माहीत असतं, तर एवढ्या लांब आलोच नसतो." यादीत त्यांनी पाचव्या नावाखाली सहावं लिहिलं, आणि समासात बारीक अक्षरात: गादी एक, जादा.

सोमवारी ग्रंथालयाच्या खिडकीत खांबाची तीन पुस्तकं आली. त्यांच्यामागे खांब, आणि खांबाच्या कोपराखालून चिमणी.

"मॅडम, बाबांनी दोनशे त्रेसष्ट पुसलं नाही. त्याच्यापुढे लिहिलंय, 'दिलेले'. आणि खाली चव्वेचाळीस, 'परत आलेले'. पण ते म्हणाले, वरचा आकडा जुना झाला. शेवटच्या सामन्यात मी एकूण दिले किती?"

मॅडमनी वही काढली, पहिल्या रकान्यावरून बोट खाली नेलं, आणि मग पुन्हा वरून.

"एकोणीस," त्या म्हणाल्या. "म्हणजे दोनशे ब्याऐंशी. आणि बाबांना सांग, खडू जरा जपून. पंचवीस मीटर आहे ते."