दुर्बिणीच्या दारात अडवलेला ट्रान्झिस्टर

"पावणं, त्याला हात लावायचा न्हाय," आक्काताई म्हणाली आणि तिनं मला पदराखाली घेतलं. फाटकावरचा रखवालदार तिसऱ्यांदा सांगत होता, आजी, आत रेडिओ चालत नाही. ती तिसऱ्यांदा विचारत होती, का?

भांडण माझ्यावरून, म्हणून मीच सांगतो. मी एक ट्रान्झिस्टर. आज माझा घसा बसलाय, कोल्हापुरात फळीवर पडून असतो, पण ती दुपार विसरलेलो नाही.

शाहूपुरीतली तीन दुकानं पालथी घालून, प्रत्येक बटण पिळून बघून आक्काताईनं मला घेतलं. शाळेची पायरी ती कधी चढली नाही. खतं, निवडणुका, परदेशांची नावं, सगळं माझ्या तोंडून शिकली, आणि वर चार माणसांना विचारून मी खरं बोलतो का तेही तपासलं. संध्याकाळी सातच्या बातम्या लागल्या की मात्र घरात मिक्सर बंद, नळ बंद, नातवंडांची भांडणं बंद. एकदा गल्लीतले हंबीरराव मतं मागायला आले, तर त्यांनाही बोट दाखवून उंबऱ्यावर गप बसवलं.

तिची नात दीक्षा पदार्थविज्ञान शिकली. नारायणगावजवळच्या रेडिओ दुर्बिणीवर तिला दोन वर्षांचं काम मिळत होतं. मुलगी द्यायची तर घर बघून, ही आमच्याकडची रीत. आक्काताईनं ती नोकरीलाही लावली. भर मे महिन्यात एसट्या बदलत, मला पिशवीत घालून, दीक्षाला बरोबर घेऊन आली. दीक्षा राहणार त्या वसतिगृहातलं पाणी चाखलं. खोलीची कडी आतून नीट लागते का बघितलं. स्वयंपाक्याला विचारलं, तू स्वतः हितंच जेवतोस का? तिथवर सगळं पास झालं. अडलं ते या फाटकावर, माझ्यापाशी.

रानात उभी असलेली ती जाळीची अवाढव्य ताटं मलाही पटेनात. म्हणे आमच्याच भावकीतली, आकाशातला रेडिओ ऐकणारी. एवढी मोठी, आणि माझ्यासारख्या वीतभर भावाला भितात? काहीतरी लपवत असणार.

आक्काताईलाही तोच संशय. "ज्या घरात बातम्या बंद, त्या घरात आम्ही पोरगी देत न्हाय," ती म्हणाली. "दीक्षा, पिशवी उचल. घरला चल."

दीक्षानं पिशवी उचलली नाही. डोळे भरले होते, पण आवाज थेट आजीचा. तिनं सांगितलं, ही ताटं ऐकतात तो आवाज माणूस जन्मायच्या आधी निघालाय. इथं पोचेस्तोवर इतका बारीक झालाय, की चालू रेडिओतून निसटणाऱ्या लहरींची खरखरसुद्धा त्याला बुडवते. मग हळूच म्हणाली, "आजी, सात वाजता तू आम्हाला खोकू तरी देत होतीस का?"

आक्काताई त्या ताटांकडे बघत राहिली. मग तिनं माझं पाठचं झाकण उघडलं आणि दोन्ही सेल काढून बटव्यात टाकले. सेल नसले की मला बोलता येत नाही, ऐकू मात्र येतं.

"पावणं," ती रखवालदाराला म्हणाली, "माझी पोरगी ऐकायला बसली आणि हितं कुणी बडबडलं, तर मला एक पत्र टाका, मी येऊन गप करते."