दुपारची हळद

निंबा फोटोवाल्याचा एक नियम सुरतेतल्या अख्ख्या पांडेसऱ्याला पाठ होता. हळदीच्या घरी आला की तो आधी वेताची परडी फिरवायचा, सगळ्यांचे मोबाईल गोळा करायचा आणि कपाटात कोंडून टाकायचा. "फोटो मी काढणार, तुम्ही नुसतं हसायचं," म्हणायचा. माणसाला आपल्या कामाचा गर्व असावा, पण इतका नको, असं त्याची बायको गायत्री रोज सांगायची. तो ऐकेल तर शपथ.

शीतलच्या हळदीलाही परडी फिरली. मांडवाचं कापड पिवळंधमक, त्याखाली सगळ्यांचे चेहरे काविळीच्या पेशंटसारखे दिसत होते. मग निंबानं साडीच्या खोक्याचा पांढरा पुठ्ठा गायत्रीच्या हातात दिला, त्यावरून नवरीच्या तोंडावर स्वच्छ उजेड पाडून घेतला आणि क्लिक क्लिक सुरू केलं. कॅमेरा नवा होता. म्हणजे निंबाला नवा; दुकानाच्या काचेत गिऱ्हाइकांना दाखवायला ठेवलेला तोच त्यानं गेल्या आठवड्यात स्वस्तात विकत घेतला होता. काढलेला प्रत्येक फोटो पडद्यावर झळकत होता. कोपऱ्यात 'डेमो' अशी इवली अक्षरं यायची. कंपनीचं काहीतरी असेल म्हणून त्यानं तिकडे बघितलंच नाही.

शीतलची आई कमल मांडवात नव्हती. नवरा जाऊन अकरा वर्षं झालेली. मिलमध्ये साड्यांच्या घड्या घालून तिनं एकटीनं पोर वाढवली, पण हळद लावायचा मान पाच सवाष्णींचा. ती स्वयंपाकघराच्या दाराआड उभी राहिली होती.

"मी बाहेर येत नाही, निंबा," ती सकाळीच म्हणाली होती. "मी तुझ्या फोटोतच सगळं बघणार. काही सोडू नको बरं."

हळद उरकली तशी ती ओले हात पदराला पुसत आली. "दाखव ना."

निंबानं बटण दाबलं. पडदा कोरा. त्यानं कॅमेऱ्याची छोटी झडप उघडली. आत फोटो साठवायचं कार्डच नव्हतं. ते भेस्तानला घरी, कॉम्प्युटरला लावलेलं राहिलं होतं.

"बॅटरी संपली, मावशी. दुपारी दाखवतो," तो म्हणाला आणि गायत्रीला घेऊन मांडवामागे गेला.

"अहो, कार्डाशिवाय कॅमेरा चालतो कसा?"

"दुकानात दाखवायला तसा चालू ठेवतात. मी ते बंद करायला विसरलो."

"मोबाईलमध्ये तरी कोणी..." एवढं बोलून गायत्रीला परडी आठवली. मोबाईल सगळे कपाटात होते. तिनं नवऱ्याकडे असं बघितलं की त्याला रागावलेली परवडली असती. मग तिनं रिक्षा पकडली आणि कार्ड आणायला भेस्तानला गेली.

निंबाला खरंच रडू येत होतं. पांडेसऱ्यात नाव खराब होईल ते होईल, पण त्या दाराआडच्या बाईला काय तोंड दाखवायचं? अशा वेळी शहाणा माणूस खरं सांगून माफी मागतो. निंबानं थाप मारली.

शीतलची आत्या मालतीबाई म्हणजे या खानदेशी घरातल्या रीतभातीची पोलीस. त्यांना गाठून तो म्हणाला, "आत्या, नवरदेवाकडचे विदर्भातले ना? त्यांच्यात दुपारी पुन्हा हळद लावतात. बिचारे संकोचानं बोलत नाहीत." मग उष्टी हळद घेऊन आलेल्या नवरदेवाच्या काकांकडे, आनंदाकाकांकडे गेला. "काका, खानदेशात दुपारची हळद असते. थांबाल ना?"

"तुमच्यात असते तर करा न बाप्पा," काका म्हणाले. "आमचं काय जाते?"

गायत्री कार्ड घेऊन आली. शीतल पुन्हा पाटावर बसली. मालतीबाईंनी हळदीची वाटी उचलली आणि विचारलं, "सवाष्णी सकाळच्याच का?"

"सकाळच्याच पाच," निंबा म्हणाला. तेवढ्यात त्याचं लक्ष दाराकडे गेलं. कमल तिथंच उभी होती, सकाळच्याच जागी. आणि त्याच्या तोंडून निघून गेलं, "आणि सहावी आई. आईचा हात लागल्याशिवाय ही हळद पुरी होत नाही म्हणे."

सवाष्णी एकमेकींकडे बघू लागल्या. शीतलच उठली, आईला हाताला धरून घेऊन आली. कमलनं दोन बोटं वाटीत बुडवली, लेकीच्या गालाला लावली, आणि मग तिला राहवलंच नाही, तिनं दोन्ही तळवे भरून पोरीचं तोंड माखलं. दोघी रडत होत्या. निंबाला समोरचं नीट दिसेना, तरी तो बटण दाबत राहिला.

आनंदाकाका भारावून म्हणाले, "मालतीबाई, लय चांगली रीत आहे तुमची."

"आमची?" मालतीबाई म्हणाल्या. "ती तर तुमची ना?"

दोघांनी निंबाकडे बघितलं. निंबा कॅमेऱ्याआड लपला. मालतीबाईंनी कमलच्या पिवळ्या हातांकडे बघितलं, पुन्हा निंबाकडे बघितलं, आणि त्याचा निकाल आता लागणार असं सगळ्यांना वाटलं.

"सुरतनी रीत शे," मालतीबाई शांतपणे म्हणाल्या. "चला, जेवाले बसा."

पंगत उठल्यावर निंबानं कमलला फोटो दाखवले. तिनं एकेक फोटो सावकाश बघितला. तिच्या नखांत अजून हळद होती.

"सकाळचे कुठं आहेत?"

"ते... बॅटरी..." निंबा पुटपुटला.

"राहू दे. गायत्री रिक्षातून उतरून तुझ्या हातात कॅमेऱ्याचं कार्ड देत होती, ते मी खिडकीतून बघितलं." कमलनं कॅमेरा त्याच्या हातात परत दिला. "पुढच्या महिन्यात बमरोलीला उषाबाईच्या पोरीची हळद आहे. उषाबाईलाही नवरा नाही. तेव्हा ते कार्ड घरीच विसरून ये."