काठी मोडण्याआधी

चौकात न्यायाधीश पांढरी काठी घेऊन बसले होते. कबुली वाचून झाली आणि आरोपीने ती मान्य केली, की ते काठी मोडणार. मग त्या कबुलीतला एक शब्दही कुणाला बदलता यायचा नाही. ओटिलिया पाववालीची नजर त्या काठीवरून हटत नव्हती, कारण कबुलीत तिचं नाव होतं.

तुरुंगाच्या पहारेकऱ्याच्या बायकोने कालच ते तिच्या कानावर घातलं होतं. शेजारच्या म्हाताऱ्या कुनिगुंडेला हात मागे बांधून छताला टांगलं, तेव्हा ती म्हणाली, चेटकिणींच्या नाचात ओटिलियाही होती. आता पळावं तर गुन्हा कबूल केल्यासारखं, घरी बसावं तर संशय. म्हणून ती नवऱ्याबरोबर आली होती आणि मनातल्या मनात कुनिगुंडेला शिव्यांची लाखोली वाहत होती. बदकांवरून दोघींचं जुनं हाडवैर. सटवीने शेवटी डाव साधला, असंच तिला वाटत होतं.

कुनिगुंडेला गाडीतून उतरवलं. तिचे हात खांद्यापासून नुसते लोंबत होते. कारकुनाने कबुली वाचली, ओटिलियाच्या नावासकट. लोक वळून बघू लागले.

"हे सगळं खरं?" न्यायाधीशांनी विचारलं.

"माझ्याबद्दल काय हवं ते लिहा," कुनिगुंडे म्हणाली. "पण ओटिलिया नव्हती. जीव जात होता, तोंडाला आलं ते नाव घेतलं."

"नीट विचार कर. कबुली फिरवलीस तर दया नाही. आधी गळा आवळणार नाहीत, जिवंत जाळतील."

"ठाऊक आहे, सरकार."

"मग?"

"मग काय? मेली कंजूष आहे, माझ्या बदकांना दगड मारते, पिठात भुसा कालवते. पण चेटकीण? अहो, अंधार पडला की विहिरीवर जायला नवऱ्याला सोबत नेते. असली भित्री बाई सैतानाच्या काय कामाची?"

कुणीतरी हसलं आणि लगेच गप्प झालं. न्यायाधीशांनी पुन्हा विचारलं. तिने पुन्हा तेच सांगितलं. शेवटी कारकुनाने नावावर रेघ मारली.

मूठभर जवसुद्धा कधी न सोडणारी ही बाई आपलं सोपं मरण सोडून देत होती, तेही ओटिलियासाठी. एवढं मोठं काही तिने चर्चमध्येही पाहिलं नव्हतं. या वाळक्या देहात ते मावलं कसं, तिला कळेना. मघाच्या शिव्या आठवून तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

न्यायाधीशांनी काठी दोन्ही हातांत धरली. ती मोडेपर्यंत गावातल्या कुणालाही गुडघे टेकून दया मागता येई. पण चेटकिणीसाठी कुणी मागत नसे. मागणाऱ्याकडेच पुढे बोट दाखवलं जाई.

"सुटलीस," नवरा कुजबुजला. "आता मान वर करू नकोस, माझे आई."

तिने दंडावरचा त्याचा हात काढला, पुढे गेली आणि फरसबंदीवर गुडघे टेकले.

"दया करा, सरकार. तिला जिवंत जाळू नका."

"ऊठ गं बये," कुनिगुंडे पुटपुटली. "डोकं फिरलंय का तुझं?"

न्यायाधीशांनी काठी मांडीवर ठेवली. "तू कोण?"

पार मागच्या रांगेलाही ऐकू जाईल अशा आवाजात तिने आपलं नाव सांगितलं.