होम प्लेटची माती

कोबर्न पार्कवरचा शेवटचा सामनाही हॅमर्स ही गावची बेसबॉल टीम रीतसर हरली. गेली कित्येक वर्षं तिला दुसरं काही जमलं नव्हतं, मग निरोपाच्या दिवशीच कशाला चमत्कार करेल?

तिसऱ्या बेसमागच्या आपल्या लाकडी खुर्चीवर बसून वांडा कोझाक टीमच्या मालकाकडे बघत होती. प्रेस्टन हॉलंडर. टीम बापाची, पैसा आज्याचा, स्वतःचं म्हणावं असं काय ते पायातले पांढरेशुभ्र बूट. शहराने नवं स्टेडियम बांधून दिलं नाही म्हणून हा गाशा गुंडाळून हमरस्त्यापलीकडच्या मक्याच्या शेतात निघाला होता. तिथे काचेच्या थंडगार खोल्या, पोहायचा तलाव, सुशी. मधूनमधून बेसबॉलही होणार होता म्हणे.

"त्या काचेच्या डब्यात मी मेलो तरी पाय ठेवणार नाही," वांडाचा नवरा लिओ म्हणाला होता, आणि नंतर मेलाही. त्याची राख वांडाने पर्समधून आत आणून होम प्लेटभोवतीच्या, म्हणजे फलंदाज उभा राहतो तिथल्या, लाल मातीत मिसळली होती. मैदान राखणारा ओटिस तेवढा वेळ पाठ फिरवून उभा होता. गावातल्या बऱ्याच जणांची शेवटची सोय ओटिसच्या त्या पाठीने केली होती.

आणि आता हॉलंडरने काय काढलं, तर होम प्लेटजवळची बादलीभर माती हेलिकॉप्टरने न्यायची आणि नव्या मैदानात पसरायची. परंपरा! बादली त्याच्या हाती द्यायचा मान सर्वांत जुन्या तिकीटधारकाला, म्हणजे वांडालाच.

"दुसरीकडची माती भर की रे," तिने सकाळी ओटिसला विनवलं होतं.

"तो स्वतः खणणार आहे, कॅमेऱ्यासमोर. जन्मात पहिल्यांदा फावडं हातात धरतोय, सोडतोय कसला."

"लिओ मला बोलून बोलून जीव नकोसा करेल."

"वांडा, तो मेलाय."

"म्हणून गप्प बसेल? तू ओळखत नव्हतास का त्याला?"

हॉलंडरला खरं सांगण्यात अर्थ नव्हता. त्याने लिओच्या नावाची पाटी करून तिथे जाहिरातीसारखी मिरवली असती.

सामना संपल्यावर हॉलंडरने फावडं उलटं धरलं. ओटिसने ते सुलटं करून दिलं. बादली भरली, वांडाच्या हातात आली.

"या आजी म्हणजे आपल्या कुटुंबाचा आत्मा," माइकमध्ये असं म्हणत हॉलंडरने हात पुढे केले.

वांडाने बादली होती तिथेच पालथी केली.

"अहो आजी, सांडलं."

"सांडलं नाही. जागेवर ठेवलं."

तोवर ओटिस पाण्याची नळी घेऊन आला. सामन्याआधी माती भिजवायची हे त्याचं रोजचं काम, आज सामन्यानंतर भिजवली एवढंच. बघता बघता सगळा चिखल झाला. लोक उभे राहून टाळ्या वाजवू लागले. कुणाला काही कळलं नव्हतं, पण हॉलंडरचा पोपट झालेला दिसत होता आणि गावाला तेवढं पुरे होतं.

कसंनुसं हसत हॉलंडर हेलिकॉप्टरकडे वळला, आणि वांडाची नजर त्याच्या पायांकडे गेली. पांढऱ्या बुटांवर लाल चिखल थापला होता.

"थांबा," ती म्हणाली.

दुखरे गुडघे टेकून ती त्या चिखलात बसली, रुमाल काढला आणि ज्याचं तोंड बघायची तिला शिसारी यायची त्याचे बूट पुसू लागली. कडा, टाचा, नाड्यांची भोकं. कॅमेरेवाले धावत आले. हॉलंडरची छाती फुगली. त्याने तिच्या डोक्यावर हात ठेवला.

"बघा, किती माया करतात माझ्यावर," तो माइकमध्ये म्हणाला.

"लाज सोडलीस का गं वांडा?" तिसऱ्या बेसमागून, तिच्याच शेजारच्या खुर्च्यांमधून कुणीतरी ओरडलं. "आज लिओ असता तर?"

तिने रुमालाची स्वच्छ बाजू वर घेतली. बुटांचे तळ अजून राहिले होते.

"पाय वर करा," ती हॉलंडरला म्हणाली.