गालाला लावलं का?

त्या खेळण्यांच्या कारखान्यात दाढी ठेवायची सोय नव्हती. तसं कुठे लिहिलेलं नव्हतं. पण माल खोक्यात जाण्याआधी प्रत्येक लाकडी बदक, प्रत्येक खुळखुळा कुणीतरी स्वतःच्या गालावरून फिरवायचं, आणि दाढीवाल्याला लाकडाची बारीक, टोचणारी कूस कशी कळणार? बोटं कामानं निबर होतात, गाल होत नाही, असं सासूबाई म्हणायच्या. कारखाना त्यांनीच काढलेला. त्यामुळे कातारी, म्हणजे लेथवर लाकूड फिरवून बदकांना गोल पोट देणारा, रोज सकाळी नवरदेवासारखा गुळगुळीत होऊन यायचा.

हळूहळू ‘गालाला लावलं का?’ हा प्रश्न खेळण्यांपुरता राहिला नाही. कुणी कुणाला टाकून बोललं, की रंगारीण मावशी हातातला ब्रश न थांबवता विचारायची, “हे गालाला लावून बोललास का रे?” बोलणारा ओशाळायचा आणि तेच पुन्हा नीट बोलायचा.

सासूबाईंचे गुडघे कुरकुरायला लागले तेव्हा किल्ल्या सुनेकडे आल्या. सगळे तिला वहिनी म्हणत. तिचं बाळ अजून नीट रांगतही नव्हतं. त्याला सासूबाईंच्या मांडीवर ठेवून ती निघायची आणि दारातून पुन्हा एकदा बघायला मागे फिरायची. पण हुशार बाई. आल्या आल्या तिनं एका मोठ्या दुकानाची ऑर्डर मिळवली. माल वेळेत गेला, तर पुढची ऑर्डरही त्यांचीच. नाही गेला, तर ‘सासूनं उभं केलं, सुनेनं बसवलं’ म्हणायला लोक मोकळे.

तिनं घासणारं यंत्र आणलं. मोठं फिरतं पिंप, खेळणी आत टाकायची, गुळगुळीत होऊन बाहेर. भिंतीवर पाटी लावली: गुणवत्ता, विश्वास, आपुलकी. आणि सांगितलं, “आता गालाबिलाला लावत बसू नका. हात फिरवला की खोक्यात.”

“वहिनी,” मावशीनं विचारलं, “हे गालाला लावून बघितलंत का?”

सगळे गालातल्या गालात हसले. वहिनी हसली नाही. “मावशी, वेळ नाहीये आपल्याकडे.”

त्यानंतर तो प्रश्न कुणी विचारला नाही.

काम पळायला लागलं. खोक्यांची चळत खिडकी झाकून वर गेली. कातारीच्या हनुवटीवर आधी खुंट दिसले, मग बऱ्यापैकी दाढी.

“शोभते हो तुम्हाला,” वहिनी म्हणाली.

“आता कुणाची अडचण आहे?” तो म्हणाला. त्याच्या स्वरात राग नव्हता. काहीच नव्हतं.

एकदा रंगाचा टवका उडालेलं बदक खोक्यात जाताना तिनं पाहिलं. विचारलं, तर पॅकिंगवाला म्हणाला, “यंत्रातून आलंय की ते.” ‘हात फिरवला की खोक्यात’ हे तिचंच वाक्य होतं.

माल सकाळी जायचा होता, त्याच्या आदल्या संध्याकाळी तिनं घरी एक बदक आणलं. बाळ पालथं पडून, दोन्ही हात उचलून, सगळं अंग त्या बदकाकडे ताणत होतं. पुढे करता करता तिनं ते स्वतःच्या गालावरून फिरवलं. ठरवून नाही, बाटलीतलं दूध मनगटावर टाकून बघतो ना, तसं.

गालावर चर्रकन ओरखडा उठला. बदकाच्या पोटाखाली चाक बसवतात, त्या खाचेच्या कडेला कूस होती. यंत्र तिथवर पोचतच नव्हतं.

सासूबाई मोजे विणत होत्या. “लागलं?”

“नाही.”

“मग दे की त्याला.”

तिनं दिलं नाही. बाळानं भोकाड पसरलं. सासूबाईंनी त्याला उचललं आणि खांद्यावर थोपटलं.

सकाळी गाडी दारात उभी होती. वहिनीनं दुकानाला फोन केला: माल आज येणार नाही, उशीर होईल, चूक माझी आहे. पलीकडचा माणूस म्हणाला, पुढच्या ऑर्डरचं मग बघू. ‘बघू’ म्हणजे काय, ते तिला कळत होतं. तिनं गाडी परत पाठवली, पॅकिंगच्या टेबलाशी बसली आणि पहिल्या खोक्याची चिकटपट्टी फाडली.

“अगं बाई, गालाला काय झालं?” मावशी जवळ आली.

“गालबोट.”

मावशीनं एकदा तिच्याकडे, एकदा बदकाकडे पाहिलं. पदराला हात पुसले आणि शेजारी स्टूल ओढलं. “सरका थोडं.” मग पॅकिंगवाला आला. कुणी पाटीकडे पाहिलं नाही, भाषणही झालं नाही. नुसती खोकी उघडण्याची करकर.

शेवटी कातारी येऊन खुर्चीत टेकला, तशी वहिनी म्हणाली, “तुम्ही नाही.”

“का?”

“दाढी आहे.”

त्यानं हनुवटी चाचपली. टेबलाभोवती पुन्हा सगळे गालातल्या गालात हसले. या वेळी वहिनीसुद्धा. तो उठून मागच्या नळाकडे गेला.

परत आला तो दाढी काढून, घाईत कापलेल्या हनुवटीला कागदाचा तुकडा चिकटवून. खोक्यातलं एक बदक घेऊन त्यानं सावकाश गालावरून फिरवलं, खाचेपाशी थांबला, आणि ते बाजूला ठेवलं.

“हे परत घासायला,” तो म्हणाला. “माझंच आहे.”