अस्वलाचा आवंढा

चाळीस वर्षांपूर्वीच्या एका कार्टून मालिकेतलं अस्वल खोटं बोलण्याआधी आवंढा गिळायचं. तो आवंढा नेमका कोणाच्या डोक्यातून निघाला, यावरून पोटापाण्याला लागलेली सत्तर शहाणीसुरती माणसं रविवारी दुपारी एकमेकांच्या नरडीचा घोट घ्यायला जमली होती. जागा वाचनालयाच्या वरच्या मजल्यावरची. घडीच्या खुर्च्या, व्यासपीठाकडे रोखलेला कॅमेरा, भिंतीवर पडदा, कोपऱ्यात पाण्याचा कूलर. खिडकीची एक झडप तुटलेली असल्यानं उन्हाची पट्टी नेमकी पडद्यावरच्या अस्वलाच्या पोटावर पडत होती.

मालिकेचं नाव ‘उद्या नक्की’. त्यातलं अस्वल छत्र्या दुरुस्त करायचं. छत्री कधी मिळेल असं गिऱ्हाइकानं विचारलं की त्याचा गळा वर जायचा, थांबायचा, खाली यायचा, आणि मग ते म्हणायचं, ‘उद्या नक्की’. एवढ्यावर ही माणसं लहानाची मोठी झाली होती. आता मालिका नव्यानं निघणार होती. जुने कागद सापडत नाहीत म्हणून कंपनीनं हात वर केले होते आणि कोणी काय काम केलं त्याची यादी चाहत्यांच्या मंडळावर सोपवली होती. संध्याकाळी पाचपर्यंत पाठवा, तीच पडद्यावर दाखवू, असं त्यांचं म्हणणं होतं.

शेवटून दुसऱ्या रांगेत मधली बसली होती. तीन बहिणींत मधली म्हणून घरी मधली, आणि याच मालिकेच्या स्टुडिओत मधली चित्रं काढायला लागली म्हणून तिथंही मधलीच. मोठे चित्रकार अस्वलाचा हात खाली असलेलं एक चित्र काढायचे आणि हात वर असलेलं दुसरं. हात खालून वर जाईपर्यंतची सगळी चित्रं हिनं काढायची. अकरा वर्षं तिनं मान मोडून तेच केलं होतं. दाराशी वाटलेल्या यादीत सव्विसाव्या ओळीवर लिहिलं होतं: मधली चित्रं – अज्ञात. तिनं चष्मा पुसून ती ओळ पुन्हा वाचली.

त्या एका शब्दासाठी ती आली होती. अज्ञातच्या जागी आपलं नाव यावं, एवढंच तिला हवं होतं. आपण गेल्यावर आपलं काही राहिलं तर तेच राहील असं तिला वाटायचं, आणि त्याची तिला लाजही वाटत नव्हती.

यादी केली होती तिच्याच मुलानं. मंडळात त्याला पंच म्हणत, कारण भांडणात शेवटचा शब्द त्याचा असायचा. एरवी तो विमा कंपनीत लोकांच्या दाव्यांमधला खोटेपणा शोधायचा. आई येणार हे त्याला ठाऊक नव्हतं. घरी तिनं दोनदा विषय काढला होता. “आई, तू भरीचं काम करायचीस गं. बघतो,” असं म्हणून तो ताटावरून उठला होता.

“आवंढा संहितेतच आहे,” एक दाढीवाला दंतवैद्य सांगत होता. तो लेखकवाल्यांचा म्होरक्या. “पान नऊ. अस्वल थांबते, असं स्वच्छ लिहिलंय.”

“थांबते लिहिलंय, गिळते कुठं लिहिलंय?” केस कापायचं दुकान चालवणारी एक बाई म्हणाली. ती दिग्दर्शकवाल्यांची. “थांबायला काय, बसही थांबते.”

“तुमचा दिग्दर्शक दुपारनंतर शुद्धीवर नसायचा.”

“आणि तुमच्या लेखकाचं सगळं त्याची बायको लिहायची म्हणतात.”

“मग घाला बायकोचं नाव यादीत.”

“घालूया की. गेली बिचारी, ती काय तक्रार करतेय.”

हशा झाला. दोन तास असाच कीस पडत होता. मधलीनं हात वर केला, तो कोणाला दिसला नाही, म्हणून ती उभी राहिली.

“तो आवंढा मी काढलाय,” ती म्हणाली.

सत्तर माना मागे वळल्या. व्यासपीठावर पंचाचा चेहरा पडला.

तिनं सगळं सरळ सांगितलं. अस्वलाला तिथं लांबलचक वाक्य होतं, ते आवाज भरताना कापलं गेलं. अर्ध्या सेकंदाची फट राहिली. मोठे चित्रकार म्हणाले, भर काहीतरी. तिनं सहा चित्रं भरली. गळा वर जायला दोन, थांबायला एक, खाली यायला तीन. ते सगळ्यांना आवडलं, मग पुढच्या प्रत्येक भागात आलं.

गळा कोणाचा, ते तिनं सांगितलं नाही. तो तिच्या नवऱ्याचा होता. ‘कामावर उशीर झाला’ म्हणण्याआधी तो असाच आवंढा गिळायचा, आणि समोर बसून जेवता जेवता तिनं तो मोजला होता. एका सकाळी आवंढा गिळून तो म्हणाला, रविवारपर्यंत येतो. तेव्हा मुलगा सहा वर्षांचा होता. तेव्हापासून कोणाच्याही गळ्याकडे बघणं तिनं सोडून दिलं.

“आजी, भरलं म्हणजे घडवलं होत नाही,” दंतवैद्य समजुतीनं म्हणाला.

“माझ्या दुकानात केस झाडणारी उद्या म्हणेल, कापलेपण मीच,” केसवाली म्हणाली, आणि या वेळी दोन्ही गट मिळून हसले.

“पुरावा काय?” कोणीतरी विचारलं.

“तो तिथं टांगलाय,” मधली म्हणाली.

भिंतीवर काचेच्या चौकटीत पेन्सिलीनं काढलेले सहा कागद होते. खाली पट्टी होती: दिग्दर्शकांच्या हातची मूळ चित्रं. आत येताना तिनं ती पाहिली होती. हे कागद चाळीस वर्षं तिच्या कपाटात, चादरींच्या खाली होते. सहा महिन्यांपूर्वी ते दिसेनात, तेव्हा मुलगा म्हणाला होता, रद्दीबरोबर गेले असतील. पोटच्या पोरानं केसानं गळा कापला होता आणि वर काच बसवली होती.

“माझ्या कपाटातून आलेत ते. विचारा त्याला. माझा मुलगा आहे तो.”

आता कोणी हसलं नाही. पंचाची आई स्टुडिओत होती हेच कोणाला माहीत नव्हतं. दंतवैद्यानं व्यासपीठाकडे वळून विचारलं, “पंच, कुठून आणलीत ही चित्रं?”

पंचाचा गळा वर गेला, थांबला, खाली आला.

“दिग्दर्शकांच्या घरच्यांनी दिली,” तो म्हणाला. मग आवाज मऊ करून म्हणाला, “आईचं वय झालंय. हल्ली तिला जे आठवतं, ते सगळं तिचंच असतं.”

सभागृहात चुकचुकल्याचा आवाज झाला. शेजारच्या माणसानं मधलीच्या हातावर थोपटलं. तिचं लक्ष नव्हतं. वर दोन, थांबा एक, खाली तीन. बापाचा गळा लेकाला जसाच्या तसा आला होता आणि एका घरात राहून तिनं तो पाहिला नव्हता. रद्दीच्या वेळी आपण त्याच्याकडे बघत का नव्हतो, या विचारानं तिला स्वतःचाच राग आला. मग तो राग फिरला आणि त्याच्यावर गेला.

“हे सगळं कॅमेऱ्यात घेताय ना?” तिनं पडद्यापाशी लॅपटॉप घेऊन बसलेल्या माणसाला विचारलं. “त्यानं आत्ता उत्तर दिलं तेवढं दाखवा. शेजारी अस्वल लावा. आणि एकदम हळू.”

“आई, बस,” पंच म्हणाला.

ती बसली नाही. पोराला चव्हाट्यावर आणताना तिला बरं वाटलं, हे लपवण्यात अर्थ नाही. चांगलं पोट भरून जेवल्यासारखं बरं वाटलं.

पडद्यावर डावीकडे अस्वल, उजवीकडे पंच. दोघांचे गळे एकदम वर गेले. एकदम थांबले. एकदम खाली आले. लॅपटॉपवाल्यानं न सांगता ते तीनदा दाखवलं.

“तोच आहे,” दंतवैद्य म्हणाला.

मधली पुढच्या वाक्याची वाट बघत राहिली. अस्वल हे कधी करतं, ते इथल्या प्रत्येकाला तोंडपाठ होतं.

“म्हणजे अस्वल यांच्यावरूनच बेतलंय,” केसवाली म्हणाली, आणि तिचे डोळे भरून आले. “लहान असताना आईबरोबर स्टुडिओत येत असणार. दिग्दर्शकांनी तेवढ्यात हेरलं. काय नजर असेल त्या माणसाची.”

“लेखकानंही बघितलं असणार,” दंतवैद्य म्हणाला. “म्हणून तर लिहिलं, थांबते.”

“असेल, असेल,” केसवाली म्हणाली. दोन्ही गटांचं इतक्या वर्षांत पहिल्यांदाच एकमत झालं.

“अहो, पण तो आवंढा गिळला म्हणजे…” मधली म्हणाली. खुर्च्या सरकत होत्या, माणसं मोबाईल काढून व्यासपीठाकडे निघाली होती. कोणीतरी तिला खांद्याला धरून अदबीनं बाजूला केलं. “आजी, जरा इकडे. पडद्यावर तुमची सावली पडतेय.”

लॅपटॉपवाल्यानं यादी उघडली. पाचला दहा मिनिटं कमी होती. सव्विसावी ओळ होती तशीच राहिली आणि तिच्याखाली नवी उमटली: आवंढा – दिग्दर्शक आणि लेखक. प्रेरणा – पंच.

“एकदा तुमच्या तोंडून ऐकू द्या,” दंतवैद्यानं माईक पुढे केला. “दिग्दर्शक तुम्हाला लहानपणी निरखायचे ना?”

पंचानं गर्दीवरून आईकडे पाहिलं. ती कूलरजवळ भिंतीला टेकून उभी होती. नाही म्हण, तिनं मनात म्हटलं. एवढं एकदा नाही म्हण, मग बाकी सगळं माफ.

वर दोन. थांबा एक. खाली तीन.

“मांडीवर घेऊन बसायचे मला,” तो म्हणाला.

सत्तर माणसांनी डोळ्यांत तेल घालून तो आवंढा पाहिला आणि टाळ्या वाजवल्या.